कंदुरीचं मीठ

शब्बीर,

तुला माती द्यायला मी तिसऱ्या-चौथ्या रांगेत उभा होतो. तुमच्यात तीन मुठी टाकतात, हे इतक्या मयतींना जाऊन मला पाठ झालंय. पहिली टाकली, दुसरी टाकली, तिसरीला हात तसाच वर राहिला. मागून कुणीतरी म्हणालं, "नाना, सरका की पुढं." टाकली आणि सरकलो. खरं सांगतो, त्या वेळी रडू आलं नाही. डोक्यात दुसरंच चाललं होतं. तू मुठीनं मीठ घालायचास, ते चाललं होतं.

परवा तुझा चाळिसावा झाला. दालचा मीच शिजवला, चुलीवर, तुझ्या त्याच पातेल्यात. तिथं काय घडलं ते तुला सांगायला बसलोय. पण त्याच्या आधी नऊ वर्षांपूर्वीचं एक सांगावं लागणार आहे. ते मी तुला जिवंतपणी सांगितलं नाही. रोज भेटत होतो, रोज सोबत चहा पीत होतो, तरी सांगितलं नाही. आता ऐकून घे. आणि मधे बोलू नकोस. तुला मधे बोलायची लई वाईट खोड होती.

तुझा बाप कल्हईवाला. भाता घेऊन गावोगाव फिरायचा. तांब्या-पितळेची भांडी गेली, स्टील आलं आणि तुमचा धंदा बसला. तू शिलाई मशीन घेतलीस, पण भांड्यांचा नाद काही सुटला नाही. आपल्या ईट गावात किंवा आसपासच्या वाडीवस्तीवर कुणाची कंदुरी निघाली की पहिलं बोलावणं तुला. पिराला बोललेला नवस फेडायचा म्हणजे शिवारात बकरं पडणार, चुलीवर शिजणार आणि गाव जेवणार. नवस करणारा मराठा का माळी का मुसलमान, हे आपल्याकडं कुणी बघत नाही. कापायला मुलाणी, फातेहा द्यायला मुजावर, शिजवायला तू आणि जाळाला मी. पातेलं तुझं, जाळ माझा. वीस-बावीस वर्षं ही वाटणी मोडली नाही.

ती वाटणी कशी झाली, आठवतंय का? पहिल्याच कंदुरीला जाळ जास्त झाला म्हणून तू सरळ चुलीत तांब्याभर पाणी ओतलंस. भसकन राख उडाली आणि त्यातली अर्धी रश्श्यात. मी तुला बायामाणसांसमोर जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. जाळ कमी करायचा तर लाकूड मागं ओढायचं असतं, पाणी मारायचं नसतं, हे शेंबड्या पोराला कळतं. तू सगळं ऐकून घेतलंस, तोंडावरची राख पुसलीस आणि म्हणालास, "बराबर हाय तुझं. आजपास्नं जाळाला म्या हात लावायचा न्हाय. पर मंग मिठाला तू हात लावायचा न्हाय. कबूल?" मी म्हणालो, कबूल. मला काय, मिठाला हात लावायची हौस थोडीच होती!

चुलीचा चर मी खोदायचो, पण तोंड कुठं ठेवायचं यावर दरवेळी वादावादी. तू चिमूटभर माती उंचावरून सोडायचास, ती कुठं जाते ते बघायचास आणि म्हणायचास, "वाऱ्याला जरा तिरकं तोंड ठेव." माझं म्हणणं सरळ ठेवायचं, म्हणजे धूर मागच्या भोकातून निघून जातो. तुझं म्हणणं, सरळ ठेवलं की वारा आत घुसतो, लाकूड भसाभसा जळून जातं, बुड करपतं आणि वरचं कच्चं राहतं. यावर आपण बावीस वर्षं भांडलो. परवा मी तिरकं ठेवलं. लाकूड खरंच कमी लागलं. घे, झालं का समाधान? जिवंत असतास तर मी हे कबूल केलं नसतं.

पातेलं चढवायच्या आधी तू त्याच्या बुडाला बाहेरून माती आणि राखेचा लेप द्यायचास. हातानं, पोरीच्या डोक्याला तेल लावावं तसं. लोक हसायचे. संध्याकाळी सगळ्यांची पातेली काळी ठिक्कर आणि बाया ती घासून घासून बेजार, तेव्हा तू ओल्या फडक्यानं लेप पुसून मोकळा. वर सांगायचास की लेपामुळं आच एका जागी टोचत नाही. पेटवताना तुराट्या, मग कढ यायला बाभळीचं लाकूड, आणि मटण शिजत आलं की लाकूड बाहेर ओढून नुसत्या गवऱ्या. हा क्रम मात्र माझा. ह्यात तू कधी तोंड घातलं नाहीस, त्याबद्दल तुझा आभारी आहे.

पाण्याची तुझी शिस्त मला आवडायची. झाकणाऐवजी तू पातेल्यावर परात ठेवायचास आणि परातीत पाणी. खालच्या वाफेनं ते आपोआप तापायचं. रस्सा आटला की त्यातलंच ओतायचं. गार पाणी घातलं की मटण आखडतं, मग तासभर जास्त जाळ लागतो, असं तू पोराटोरांना समजावून सांगायचास. चमचा फार फिरवू द्यायचा नाहीस. कान देऊन ऐकायचास. पातळ खळखळ चालली असेल तर अजून वेळ आहे, आवाज जाड झाला की येसर लावायचं, आणि मग गवऱ्यांवर सोडून द्यायचं. भाजलेल्या धान्याचं येसर पाण्यात कालवून तू धार धरायचास तेव्हा आख्ख्या शिवारात वास सुटायचा आणि लांब बसलेली माणसं उगाचच जवळ येऊन "काय लागलं तर सांगा" म्हणायची.

आता मिठाचं. कंदुरीचं जेवण आधी चाखायचं नाही. पिराला निवद दाखवला, मुजावरानं फातेहा दिला की मगच कुणाच्या तोंडात घास जायचा. शिजवणाऱ्यानंसुद्धा पळीला लागलेलं चाटायचं नाही. म्हणजे दोन-दोनशे माणसांच्या जेवणाचं मीठ नुसत्या हाताच्या अंदाजानं घालायचं. चार किलोला एक मूठ, आणि रश्श्याच्या पाण्याच्या वेगळ्या. तू मूठ भरायचास, पिशवीच्या तोंडावर दोनदा झटकायचास, जास्तीचे खडे परत पडू द्यायचास आणि मग पातेल्यात सोडायचास. मनात मोजायचास, ओठ हलायचे. बावीस वर्षांत एकदाही कमी नाही, एकदाही जास्त नाही. परांड्यापर्यंत लोक सांगायचे, ईटच्या शब्बीरचा हात म्हणजे तराजू.

आणि मग ती भागवतरावांची कंदुरी.

त्यांना नातू झाला, म्हणून दोन बकरी होती. सकाळपासूनच आपलं बिनसलं होतं. वारा सारखा फिरत होता, धूर तुझ्या डोळ्यांत जात होता. तू सगळ्यांसमोर म्हणालास, "नामदेवाला चष्मा लागल्यापास्नं जाळ दिसंना झालाय बघा." भागवतराव हसले, त्यांचे पाहुणे हसले, मुलाणीसुद्धा हसला. साधी चेष्टा होती. मी तुझी ह्याच्या दसपट करायचो. पण त्या दिवशी मला ती झोंबली. नवा नवा चष्मा होता, आधीच मी चिडलेलो. मी तुझ्याशी बोलणं बंद केलं. तू दोनदा हाक मारलीस, तंबाखू पुढं केलीस. मी तोंड फिरवलं.

तुराट्या संपल्या म्हणून मी बांधावर गेलो. मोळी बांधून परत यायला अर्धा-पाऊण तास लागला. आलो तर पातेल्यापाशी कुणी नाही. मुजावरानं बोलावलं म्हणून तू दर्ग्यात गेला होतास. पातेलं खदखदत होतं. खाली फडक्यावर मिठाची पिशवी, गाठ तशीच. भरलेली.

दोन पिशव्या आणल्या होत्या, हे मला तेव्हा काय माहीत! एक तू रिकामी करून, तुझ्या सवयीप्रमाणं, चुलीत टाकून दिली होतीस. मला वाटलं, हा गडी मीठ विसरला.

विचारायचं होतं. दर्गा पन्नास पावलांवर. इथूनच हाळी दिली असती तरी तू मागं वळला असतास. पण मी तुझ्याशी बोलत नव्हतो ना! आणि त्याहून वाईट सांगतो, मला बरं वाटलं. आत कुठंतरी गुदगुल्या झाल्या. पंगत बसली की सगळ्यांच्या देखत म्हणायचं, काय शब्बीरभाई, मीठ विसरला होतात, चष्मेवाल्यानं घातलं म्हणून इज्जत राहिली. वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं. गाठ सोडली आणि सहा मुठी घातल्या. तुझ्यासारख्या झटकल्या नाहीत. माझी मूठ तुझ्यापेक्षा मोठी. मग राहिलेलं मीठ बांधून पिशवी होती तशी ठेवली आणि जाळापाशी येऊन बसलो.

तू आलास, परात बघितलीस, येसर लावलंस. पिशवी जरा बारीक झालेली तुझ्या ध्यानात आली नाही. कशी येणार? मिठाकडं बघायचं तुझं काम कधीच संपलं होतं.

निवद झाला, फातेहा झाला, पहिली पंगत बसली. भागवतरावांनी भाकरी चुरली, रस्सा घेतला, एक घास खाल्ला आणि पाण्याचा तांब्या उचलला. मग शेजारच्यानं उचलला. एक पोरगं रडायला लागलं. शेवटी कोपऱ्यातून एकजण म्हणाला, "मीठ स्वस्त झालंय का भूमच्या बाजारात?" आणि हशा पिकला. तू पळीतून बोटावर घेऊन चाखलंस. तुझा चेहरा मी बघितला. मी उठलो, खरंच उठलो होतो, तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात तू भागवतरावांपुढं जाऊन हात जोडलेस. "माझा हात चुकला मालक. मिठाला माझ्याबिगर कुणी हात लावत न्हाय. मीच चुकलो."

माझ्याबिगर कुणी हात लावत न्हाय. वीस वर्षांपूर्वीच्या एका शब्दावर तुझा एवढा भरवसा होता. शेजारी मी उभा, आणि माझ्या बोटांच्या खाचेत मीठ होतं. मी खाली बसलो.

मग आपण धावाधाव केली. परातीतलं गरम पाणी ओतलं, आणखी पाणी तापवलं, कणकेचे गोळे सोडले. दुसरी पंगत कशीबशी जेवली. बऱ्याच जणांनी भाकरी, कांदा आणि गूळ खाऊन हात धुतले. भागवतराव माणूस चांगला. "असू द्या हो, होतंय कधीमधी," एवढंच म्हणाले. पण पुढच्या वर्षी त्यांच्या पुतण्याच्या घरच्या कार्याला परांड्याहून गॅसच्या शेगड्यावाला आला. मग दुसऱ्यानं तोच सांगितला, मग तिसऱ्यानं. कुणी तुझा अपमान केला नाही. नुसतं बोलावणं यायचं थांबलं.

एकदा तेवढं आलं, भूमकडच्या एका वस्तीवरून. बारकीशी कंदुरी, एकच बकरं. मी जाळापाशी होतो आणि तुझ्या हाताकडं बघत होतो. तू दोन मुठी घातल्यास. तिसरी भरलीस, थांबलास, आणि ती परत पिशवीत टाकलीस. जेवण आळणी झालं. लोकांनी ताटात वरून मीठ घेतलं. येताना तू माझ्या मोटारसायकलवर मागं बसला होतास. वालवडच्या अलीकडं तू म्हणालास, "नामदेवा, हाताचा भरवसा गेला रे माझ्या." मला नीट ऐकू आलं होतं. मी म्हणालो, "काय?" तू म्हणालास, "काय न्हाय. गाडी बघून चालव." त्या दिवसापासून पातेलं तुझ्या अंगणात पालथं पडलं आणि तू मशीनवर बसून लोकांचे पायजमे शिवत राहिलास.

तू म्हणशील, त्याच दिवशी का सांगितलं नाही? पहिल्या दिवशी लाज वाटली. दुसऱ्या दिवशी वाटलं, आता सांगितलं तर काल का नाही सांगितलं असं विचारतील. महिना झाल्यावर वाटलं, विसरतील लोक. वर्ष झाल्यावर तर तोंडच राहिलं नाही. आणि गावात मी कोण, तर नाना, ज्याचं कधी चुकत नाही! तू नव्हतास का दात काढून म्हणत, "नामदेवाची चूक निघाली तर पेपरात द्यावं लागंल"?

आणि तू कसला माणूस! माझ्या बायकोला, कमलला, सोलापूरच्या दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा मशीन बंद करून अकरा दिवस माझ्यापाशी येऊन राहिलास. मागच्या मोकळ्या जागेत तीन विटा मांडल्यास, घरून आणलेलं जर्मनचं पातेलं लेप देऊन चढवलंस. लाकूड नव्हतं तर फळवाल्यांकडून मोडक्या पेट्या मागून आणल्यास. पेटीच्या फळीचा जाळ टिकत नाही, म्हणून एकेक फळी ओली करून सारायला मी तिथं शिकलो. दुसऱ्या पेशंटची माणसं आपलं पिठलं बघून वाटी घेऊन यायला लागली आणि तू कुणाला नाही म्हणाला नाहीस. पहिल्या दिवशी पिठलं रटरटायला लागलं तसं तू बाजूला सरकलास आणि म्हणालास, "मीठ तू घाल." मी म्हणालो, मी कशाला? तू म्हणालास, "घाल रे. बिमार माणसाच्या घरचं अन्न हाय." अकरा दिवस मीठ मी घातलं. कमल बरी होऊन घरी आली. तेव्हा तरी सांगायचं होतं ना! विटांपाशी आपण दोघंच असायचो. नाही सांगितलं. माझ्यासारखा भेकड माणूस उभ्या तालुक्यात सापडायचा नाही.

कधीकधी वाटायचं, तुला माहीत असणार. तसं असतं तर मला सोपं गेलं असतं. तू मला मनातल्या मनात माफ केलंय, मैत्रीला जागून गप्प बसलायस, असं धरून मी झोपलो असतो. पण मला मोटारसायकलवरचं ते वाक्य आठवतं, ती परत टाकलेली मूठ आठवते. ज्याला दुसऱ्याची चूक माहीत असते तो स्वतःचा हात असा बघत नाही. तुला माहीत नव्हतं, शब्बीर. तू खरोखर मानून चालला होतास की तुझा हात गेला.

तू गेल्याच्या तिसऱ्या दिवशी, जियारतीला, मी तुझ्या घरी आलो. माणसं पांगल्यावर जैतूनभाभी दारात येऊन बसल्या. डोळे सुजलेले, पण बोलत होत्या. तुझ्या पोरानं, सलीमनं, चाळिसाव्याला शेगडीवाला सांगायचं म्हटलं होतं. त्यांनी त्याला नक्को म्हणून सांगितलं. मला म्हणाल्या, "भाऊ, पातेलं तुमी चढवा. त्यांच्याच चुलीवर. त्यांना बरं वाटंल." मी मान हलवली. मग त्या जराशा हसल्या आणि म्हणाल्या, "पर मीठ जपून घाला. त्यांच्यावाणी खारट करू नका."

शब्बीर, नऊ वर्षं जे तोंडातून निघालं नाही ते त्या एका वाक्यावर भडाभडा बाहेर आलं. चष्मा, अबोला, तुराट्या, पिशवी, सहा मुठी. मी काहीच ठेवलं नाही. गुदगुल्या झाल्या होत्या, तेही सांगितलं.

भाभी ऐकत होत्या. मला वाटलं रडतील, शिव्या देतील. त्या म्हणाल्या, "भाऊ, म्या त्यांना घरात मिठाला हात लावू दिला न्हाय."

मला कळेना. "म्हणजे?"

"म्हंजे न्हायच लावू दिला. दाळ चुलीवर आसली आन् ते उठले, की म्या म्हणायची, बसा खाली, तुमचा हात उभ्या गावाला म्हाईत झालाय. पोरांसमोर म्हणायची. सुनंसमोर म्हणायची. ते हसायचे आन् बसायचे." त्या माझ्याकडं बघत नव्हत्या, अंगणात पालथ्या पडलेल्या पातेल्याकडं बघत होत्या. "नऊ वर्सं, भाऊ. तुमी रोज चहाला येत हुता. ह्याच दारात बसत हुता."

आणि उठून आत गेल्या. सलीमनं चहा आणून दिला, मी तो तसाच ठेवला. भाभी काही बाहेर आल्या नाहीत. पंधरा दिवसांनी सलीम निरोप घेऊन आला. अम्मीनं सांगितलंय, दालचा नानांनीच शिजवायचा. पण आधी सगळ्यांच्या देखत बोलायचं, मग वाढायचं.

मी पातेलं सुलटं केलं. आतून घासलं, बाहेरून लेप दिला. तुझ्याएवढा गुळगुळीत जमला नाही. चर खोदला, तुराट्या पेटवल्या, परातीत पाणी ठेवलं. डाळ शिजली, भोपळा घातला, मटण सोडलं. मीठ घालायची वेळ आली तशा भाभी पदर सावरत आल्या, मोजून मुठी घातल्या आणि परत गेल्या. माझ्याकडं बघितलं नाही.

फातेहा झाला. अंगणात आणि रस्त्यावर मिळून शंभर-दीडशे माणूस बसलेलं. भागवतराव पहिल्या पंगतीत, आता काठी घेऊन चालतात. मी उभा राहिलो. म्हणालो, "वाढायच्या आधी मला एक बोलायचंय. भागवतरावांच्या नातवाच्या कंदुरीला मटण खारट झालं होतं, ते शब्बीरनं केलं नव्हतं."

लोक एकमेकांकडं बघायला लागले. भागवतरावांनी कानाला हात लावला. "काय झालं हुतं म्हनलास?"

"खारट. तुमच्या नातवाच्या कंदुरीला."

ते थोडा वेळ आठवत बसले. खरंच आठवत होते, सोंग नव्हतं. मग म्हणाले, "कुटं खारट झालं हुतं? चांगलं झालतं की त्या दिवशी. दोन बकरी हुती." शेजारच्यांना विचारलं. त्यांनाही आठवेना. एकजण म्हणाला, तो त्या वेळी पुण्याला होता. दुसरा म्हणाला, ती कंदुरी का दुसरी कुणाची? कुणीतरी हसलं. पोरं भुकेजली होती, वाढपी बादल्या धरून ताटकळत उभे होते. भागवतराव मायेनं म्हणाले, "नामदेवा, दोस्त गेलाय तुझा, तुला कायबाय आठवत आसंल. जाऊ दे. आसलं कोन ध्यानात ठेवतंय? बस. वाढा रे."

मला बसता आलं असतं, शब्बीर. तुला खोटं कशाला सांगू, माझे गुडघे वाकायलाही लागले होते. सगळं गाव मला मोकळं सोडत होतं, त्या दिवशी सोडलं होतं तसंच.

तेवढ्यात आतल्या दारातून, बायकांच्या घोळक्यातून, भाभींचा आवाज आला. इतक्या वर्षांत मी त्यांना चारचौघांत मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं.

"म्या ठेवलंय ध्यानात. बादल्या खाली ठेवा. बोला भाऊ तुमी, पयल्यापास्नं बोला."

वाढप्यांनी बादल्या खाली ठेवल्या. मी चष्मा काढला आणि पहिल्यापासून सांगितलं.